उन्हाळ्याची सुटी आणि वैद्यकीय संशोधन

वार्षिक परीक्षा आटोपली, की आमच्या विद्यार्थ्यांपुढे सुमारे दीड महिन्याचा मोकळा काळ उभा राहतो. हा काळ कसा घालवावा, हा प्रश्न पूर्वी फारसा कोणी विचारीत नसे. मामाच्या गावी जाणे, विहिरीत पोहणे, लग्नसराईत मिरवणे आणि घरच्या पापड-कुरडयांस हात लावणे, एवढ्यात सुटी सरून जात असे. आता पालकांच्या हाती मोबाइल आला आहे व त्याबरोबर एक नवीन चिंताही घरात शिरली आहे. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या शाळकरी मुलांस उन्हाळ्यात वैद्यकीय संशोधनाची संधी देऊ, अशा आशयाच्या जाहिराती त्यावर येतात. पांढरा डगला घातलेला मुलगा सूक्ष्मदर्शकात डोकावत असल्याचे चित्र, खाली काही हजारांचे शुल्क आणि शेवटी प्रमाणपत्राचे आश्वासन, असे त्यांचे स्वरूप असते. पिंपळनेरसारख्या गावचे पालकही त्या जाहिराती घेऊन शिक्षकांकडे येतात व विचारतात, ‘गुरुजी, मुलास पाठवावे काय? कांद्याच्या पैशांतून एवढी रक्कम काढावी काय?’ हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. त्यामागे मुलाच्या भवितव्याची कळकळ आहे. म्हणून त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आपल्या देशात एम.बी.बी.एस.चा प्रवेश ‘नीट’ परीक्षेतील गुणांच्या आधारे होतो. ती परीक्षा पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र या विषयांची असून तीत ७२० गुण असतात. उन्हाळ्यात कोठे संशोधन केले, याचे प्रमाणपत्र जोडल्याने त्यांत एका गुणाचीही भर पडत नाही. अमेरिकेतील विद्यापीठे प्रवेश देताना विद्यार्थ्याने शाळेबाहेर काय केले याचीही दखल घेतात. त्यामुळे तिकडे अशा उन्हाळी उपक्रमांस महत्त्व आले, आणि त्यांचेच अनुकरण आता आपल्याकडे विकावयास आले आहे. तेव्हा केवळ प्रवेशाच्या आशेने जो पालक कर्ज काढून असे प्रमाणपत्र विकत घेईल, त्याच्या पदरी कागदावाचून काही पडणार नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो.

आता खरोखरीच्या संधी कोणत्या, ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद ही वैद्यकीय संशोधनाची आपल्या देशातील प्रमुख संस्था. विद्यार्थ्यांस थोड्या मुदतीचे संशोधन करण्यासाठी विद्यावेतन देण्याची तिची योजना १९७९ साली सुरू झाली. परंतु ती वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकरिता आहे, शाळकरी मुलांकरिता नव्हे. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी शिष्यवृत्त्याही महाविद्यालयीन विद्यार्थी व शिक्षक यांच्यासाठीच निघाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये याच परिषदेने आपल्या देशभरच्या प्रयोगशाळांची दारे नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांस पाहण्यासाठी उघडली, आणि हजारो मुलांनी शास्त्रज्ञ कसे काम करतात ते प्रत्यक्ष पाहिले. हा उपक्रम स्तुत्य खरा. पण तो एका दिवसाचा होता. यांखेरीज, स्थानिक प्रश्नांवर मुलांनी केलेले प्रकल्प मांडण्यासाठी १९९३ साली सुरू झालेली राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आहे. मुलांच्या नव्या कल्पनांस दहा हजार रुपयांचे साह्य देणारी ‘इन्स्पायर मानक’ योजना आहे. आणि सहावी व नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, जिच्या अखेरच्या टप्प्यांत प्रत्यक्ष प्रकल्प करून दाखवावा लागतो. यांपैकी कोणीही मुलास उन्हाळाभर रुग्णालयात नेऊन बसवीत नाही. पण मुलाने आपल्या गावात उन्हाळ्यात काही काम केले असेल, तर ते पुढे मांडण्याची जागा येथे आहे, आणि तीस हजारो रुपये लागत नाहीत.

येथे कोणी म्हणेल, ‘मग शाळकरी वयात संशोधनाचा नादच कशाला?’ हे मात्र आम्हांस मान्य नाही. विद्यार्थिदशेतील एका उन्हाळ्याने केवढे कार्य घडते, याची दोन उदाहरणे सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत.

पहिले कॅनडातील टोरांटो शहरचे. १९२१ च्या उन्हाळ्यात तेथील विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग या तरुण शस्त्रवैद्याने मधुमेहावरील औषधाचा शोध आरंभिला. त्याच्या हाताखाली चार्ल्स बेस्ट नावाचा, नुकतीच पदवी परीक्षा दिलेला बावीस वर्षांचा विद्यार्थी होता. रक्तातील व लघवीतील साखर अचूक मोजणे, हे बेस्टचे मुख्य काम. दिवसामागून दिवस त्याने ती मोजली व लिहिली. त्या आकड्यांवरूनच कळले, की स्वादुपिंडाचा अर्क टोचल्यावर साखर उतरते. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या, मरणाच्या दारी असलेल्या मुलास हे औषध प्रथम टोचण्यात आले. तेच इन्सुलिन. आज आपल्या तालुक्यातही अशी घरे आहेत, की जेथे ते रोज सकाळी टोचले जाते.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेचे. तेथे उंदरांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास चालतो व उन्हाळ्यात निवडक विद्यार्थ्यांस काम करू देतात. १९५५ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बाल्टिमोर नावाचा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा तेथे गेला. त्याच्याहून काही वर्षांनी मोठा असलेला हॉवर्ड टेमिन हा विद्यार्थीही तेथे होता, व तोच लहानांस मार्ग दाखवी. पुढे दोघांच्या वाटा निराळ्या झाल्या. पण १९७० साली दोघांनी स्वतंत्रपणे एकच शोध लावला. काही विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए तयार करतात, आणि ते घडवून आणणारे विकर या दोघांस सापडले. १९७५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. हा शोध आपल्यापासून फार दूरचा वाटेल. पण करोनाच्या साथीत नाकात काडी घालून जी आरटीपीसीआर चाचणी होत असे, तिची पहिली पायरी याच विकराने चढावी लागते. त्या चाचणीची वाट पाहत बसलेली घरे पिंपळनेरातही थोडीथोडकी नव्हती.

या दोन्ही कथा ऐकून आमच्या विद्यार्थ्याच्या मनात साहजिक येईल, की टोरांटो कोठे, बार हार्बर कोठे आणि आमचा साक्री तालुका कोठे! जेथे मोठी प्रयोगशाळा नाही, तेथे संशोधन कसले? यास उत्तर आपल्या महाराष्ट्रानेच दिले आहे.

डॉक्टर हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील एका खेड्यात गरिबीत वाढले. १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीस लागले. कोकणात तांबडा विंचू चावून माणसे दगावत, विशेषतः मुले. डॉक्टरसाहेबांपाशी मोठी उपकरणे नव्हती. ते रोग्याच्या उशाशी रात्र रात्र बसत. नाडी किती, रक्तदाब किती, घाम किती, हातपाय केव्हा गार पडले, दम केव्हा लागला, हे सारे वेळेसह टिपून ठेवीत. त्या टिपणांवरून विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो, ते उलगडले. १९८२ साली त्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध या दंशावर गुणकारी ठरते, हे त्यांनी दाखविले. विष अंगात भिनलेल्या ज्या रोग्यांत पूर्वी शंभरात तीस-चाळीस दगावत, त्यांत आता वेळेवर उपचार झाल्यास एखादाच दगावतो. २०२२ साली त्यांस पद्मश्री देण्यात आली. या साऱ्याच्या मुळाशी होती ती खेड्यातील एक खाट, एक घड्याळ आणि एक वही.

‘पण ते तर डॉक्टर होते’, असे कोणी म्हणेल. तर मग गडचिरोलीकडे पाहावे. तेथे अभय व राणी बंग या डॉक्टर दांपत्याने ‘सर्च’ संस्थेमार्फत नवजात बालकांच्या मृत्यूंवर संशोधन केले. १९९३ पासून ३९ गावांत त्यांनी गावच्याच स्त्रियांस शिकवून तयार केले. त्यांचे शिक्षण पाचवी ते दहावीपर्यंतचे. या स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ताप मोजीत, एका मिनिटात श्वास किती ते घड्याळ लावून मोजीत, सर्व नोंदून ठेवीत आणि शिकविलेले उपचार करीत. ज्या ४७ गावांत ही व्यवस्था नव्हती, त्यांच्याशी तुलना करता या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला, आणि पुढे सरकारने देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे हे काम सोपविले. पाचवी शिकलेल्या बाईने मोजलेले श्वास जर जगाने शास्त्र म्हणून मान्य केले, तर आमच्या नववीच्या विद्यार्थ्याने संशोधनाचे नाव घेताच संकोचून जाण्याचे कारण काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की वैद्यकीय संशोधनाचा आरंभ शुल्क भरून होत नाही. तो एका चांगल्या प्रश्नाने, अचूक मोजणीने आणि प्रामाणिक नोंदीने होतो. या तिन्ही गोष्टी पिंपळनेरच्या उन्हाळ्यात मिळतात. काखेत कळसा असता गावाला वळसा घालण्याची गरज नाही.

उदाहरणार्थ, उन्हाचाच प्रश्न घ्या. आमच्याकडे वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. कोणाचे घर पत्र्याचे, कोणाचे कौलारू, कोणाचे जुने धाब्याचे, तर कोणाचे नवे स्लॅबचे. यांपैकी कोणत्या घरात रात्रीही उकाडा उतरत नाही? हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नाही. दिवसभर तापलेल्या शरीरास रात्री विसावा मिळाला नाही, तर म्हाताऱ्या माणसांस व तान्ह्या मुलांस त्याचा विशेष त्रास होतो. पाच विद्यार्थ्यांनी मिळून दहा घरे निवडावीत. सकाळी सात, दुपारी तीन व रात्री नऊ वाजता प्रत्येक घरातील तापमान चाळीस दिवस लिहावे. म्हणजे बाराशे नोंदी होतील. त्यापूर्वी सर्व तापमापक एका खोलीत शेजारी शेजारी ठेवून ते सारखेच आकडे दाखवितात की नाही, हे पाहावे. नाही तर घरांतील फरक मोजण्याऐवजी तापमापकांतील फरकच मोजला जाईल. तापमापक सगळीकडे सारख्याच उंचीवर, चुलीपासून दूर टांगावा. घरातील वडील मंडळींस रात्री झोप लागली काय, डोके दुखले काय, एवढे अदबीने विचारावे. सुटीअखेर आलेख काढावा. शक्य आहे, की जुन्या धाब्याने नव्या पत्र्यास हरविले असे दिसेल. शक्य आहे, की काहीच फरक दिसणार नाही. फरक दिसला नाही, हेही उत्तरच आहे व तेही तितक्याच मोकळेपणाने लिहावे.

दुसरा प्रश्न डासांचा. डेंग्यूचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करावीत, असे सांगतात. गल्लीतील किती रांजणांत, टाक्यांत व टाकून दिलेल्या टायरांत अळ्या आहेत, हे दर आठवड्यास मोजावे. मग घरोघरी कोरडा दिवस पाळण्याची विनंती करावी व पुन्हा मोजावे. ज्यांस हेही अवघड वाटेल, त्या लहान मुलांनी आपलीच नाडी निजल्यावर, उभे राहिल्यावर व पाण्याची कळशी आणल्यावर किती चालते ते मोजावे. मोजण्याची सवय लागणे, हेच पहिले शिक्षण होय.

नोंदवहीचा एक नियम मात्र सर्वांनी पाळावा. त्यात खोडरबर चालणार नाही. आकडा चुकला तर त्यावर एक रेघ ओढून शेजारी नवा लिहावा, म्हणजे जुनाही वाचता येईल. ज्या दिवशी मोजणे राहिले, त्या दिवसाची जागा कोरी सोडावी. अंदाजाने भरू नये. मनाजोगता आकडा लिहिण्याचा मोह मोठमोठ्या विद्वानांसही आवरलेला नाही, आणि वैद्यकात खोट्या आकड्याची किंमत अखेर रोग्यास द्यावी लागते.

आता एका नाजूक विषयाकडे वळू. खानदेशच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रोग आढळतो. यात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्यास असह्य वेदना व पंडुरोग जडतो. १९१० साली अमेरिकेत हेरिक या डॉक्टरने या पेशींचे प्रथम वर्णन केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मूळ हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे दाखविले. आणि भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारने २०४७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याची मोहीम आरंभिली असून तीत सात कोटी लोकांची तपासणी योजिली आहे.

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलास या विषयाची ओढ वाटावी, हे योग्यच आहे. आमच्या वर्गांतही अशी मुले बसत असतील, की ज्यांच्या घरी हे दुःख आहे. परंतु येथे मर्यादा पाळलीच पाहिजे. विद्यार्थ्याने कोणाच्याही बोटास सुई लावू नये, औषध सांगू नये, आणि कोणाच्या घरी हा रोग आहे याची यादी तर मुळीच करू नये. अशी यादी गावात फुटली, तर एखाद्या मुलीचे लग्न मोडेल, आणि तिचा त्यात काडीचाही दोष नसेल. माणसांवरील संशोधनात त्यांची संमती घेतलीच पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते, आणि समजत्या मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते. हे मोठमोठ्या संस्थांवर बंधनकारक असलेले नियम आहेत, तेव्हा शाळकरी मुलांस त्यांतून सूट नाही.

मग विद्यार्थ्याने काय करावे? दोन वाट्या घ्याव्यात; एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत ज्वारीचा एक पांढरा व मक्याचा एक पिवळा दाणा टाकावा. पांढरा म्हणजे निरोगी गुण, पिवळा म्हणजे सिकलसेलचा गुण. आईबाप दोघेही वाहक, स्वतः धडधाकट. आता शेजारच्या मित्राने दोन्ही वाट्यांतून आपल्याला एकेक दाणा, हात लावल्यावर ओळखता येणार नाही अशा पुडीत बांधून द्यावा. आपण पुडी उघडून नोंद करावी व दाणे परत टाकावेत. असे शंभर वेळा केल्यास सुमारे पंचवीस वेळा दोन्ही पिवळे, सुमारे पन्नास वेळा एक पिवळा व सुमारे पंचवीस वेळा दोन्ही पांढरे येतील. मात्र पुडी बांधणाऱ्याने डोळे मिटून, बोटांनी न चाचपता दाणा उचलला पाहिजे. त्यासाठी सारख्या आकाराचे दोन रंगांचे मणी घेतले तर अधिकच बरे. यातून एक मोठी गोष्ट कळते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन निरोगी होतील, असा हिशेब नसतो. प्रत्येक खेपेस दाणे नव्यानेच उचलले जातात. ही एवढी गोष्ट जो मुलगा आपल्या वाडीतील दहा घरांस नीट समजावून देईल, आणि विवाहापूर्वी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घेण्यास त्यांस प्रवृत्त करील, त्याने वैद्यकाची मोठीच सेवा केली.

पालकांच्या अडचणी आम्ही जाणतो. चैत्रात मोहफुले वेचावयास मुले लागतात. शेळ्या कोणी तरी चारावयाच्या असतात. ऊसतोडीस गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात व घर पुन्हा उभे करावयाचे असते. म्हणूनच आम्ही दिवस मागत नाही, दिवसातील एक तास मागतो. शेळ्या चारणारा मुलगाही तीन वेळा तापमापक पाहू शकतो. दिवसभर उसाच्या फडात राबलेल्या आईस कोणता त्रास झाला, हे तिच्या मुलाइतके कोणास ठाऊक? कदाचित सर्वांत चांगला प्रश्न तोच विचारील. मुलींस मात्र ‘घरात बस’ असे सांगू नका. त्यांनी दोघी-तिघींनी मिळून आपल्याच आळीत काम करावे; घरातील बायाबापड्या त्यांच्याशी जितक्या मोकळेपणाने बोलतील, तितक्या मुलांशी बोलणार नाहीत. आणि ‘नीट’ची तयारी बुडेल अशी भीती बाळगणाऱ्यांस एवढेच सांगतो, की वाट्यांतील दाण्यांनी आनुवंशिकतेचा पाठ शिकलेला मुलगा तो परीक्षेतही विसरणार नाही.

शाळेचेही कर्तव्य आहे. सुटीत प्रयोगशाळेस कुलूप लागते, ते आठवड्यातून दोन सकाळी तरी उघडावे. दहा-बारा तापमापक, एक वजनकाटा, काही भिंगे व वह्या मुलांस सही घेऊन घरी द्याव्यात. एका शिक्षकाने दर आठवड्यास वह्या तपासाव्यात. जवळच्या शासकीय दवाखान्यातील डॉक्टरांस विनंती करून महिन्यातून एकदा मुलांशी बोलावयास बोलवावे. आणि जूनमध्ये जे निष्पन्न होईल, ते प्रथम ज्या घरांनी दार उघडले त्यांस सांगावे, मग पालकसभेत वाचावे, आणि त्यानंतरच स्पर्धांस पाठवावे. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांस ती परत न देणे, हा एक प्रकारचा कृतघ्नपणाच होय.

असे केल्याने प्रत्येक मुलगा संशोधक होईल, असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक जण शेतकरी, शिक्षक, दुकानदार, परिचारिका होतील. पण ऐकीव गोष्टीवर एकदम विश्वास न ठेवता मोजून पाहण्याची सवय ज्यास लागली, तो उद्या भोंदू वैद्यास फसणार नाही, आजारी मुलास दवाखान्यात नेण्यास उशीर करणार नाही, आणि गावच्या पाण्याविषयी ग्रामसभेत बोलावयास उभा राहील तेव्हा त्याच्या हाती आकडे असतील. आणि त्यांच्यातून एखादी मुलगी पुढे धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेलीच, तर रोग्याच्या उशाशी बसून टिपण कसे ठेवावे, हे तिला तेथे नव्याने शिकावे लागणार नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, या सुटीत एक प्रश्न निवडा, शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर तारीख घाला. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा आम्ही तुमच्याकडे प्रमाणपत्र मागणार नाही. ती वही मागू.